पळसाच्या पानांचा माणूस

द्वारकामावशी एकटी राहायची, पण तिच्या दारावर पाटी होती ती एका पुरुषाच्या नावाची. 'श्री. गोविंद बाबू तोडणकर.' पितळी पाटी, दर शनिवारी चिंचेने घासून लख्ख केलेली. कुरियरवाला, विमा खपवणारा, मतदारयादीवाला, कोणीही आला की पाटी वाचून विचारायचा, "साहेब आहेत का?" मावशी म्हणायची, "बाहेर गेलेत." "कधी येतील?" "सांगून नाही गेले." हे ती इतक्या सहज म्हणायची की ऐकणाऱ्याला वाटावं, साहेब खाली कोथिंबीर आणायला उतरलेत. काही जण तर जिन्यात वाट बघत उभे राहायचे. मग ती त्यांना पाणी द्यायची आणि म्हणायची, "थांबू नका. उशीर होतो त्यांना."

लग्न होऊन मी मुलुंड पूर्वेच्या त्या इमारतीत आले तेव्हा मावशी आणि तिची म्हातारी आई आमच्या समोरच्या दारात राहत होत्या. पहिले काही महिने मी समजत होते की गोविंद तोडणकर हे मावशीचे यजमान आणि त्यांची नोकरी फिरतीची. एकदा न राहवून सासूबाईंना विचारलं, "समोरचे काका कधी दिसत नाहीत ते?" सासूबाई भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "काका कुठले? तिचे वडील ते. लढाईत गेले." मी विचारलं, "कुठल्या? बांगलादेशच्या?" "त्याच्या आधीच्या. इंग्रजांच्या वेळची ती मोठी लढाई, त्यात." मला वाटलं, नव्या सुनेची फिरकी घेतायत. पण सासूबाई फिरकी घेणाऱ्यांतल्या नव्हत्या.

मावशी टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होती. ट्रंककॉल लावायचे, लोकांना जोडून द्यायचं, हे तिचं काम. ट्रंककॉल गेले, मावशी रिटायर झाली, पण तिचा आवाज ऑपरेटरचाच राहिला. फोन वाजला की पहिल्या रिंगला उचलायची आणि म्हणायची, "बोला, ऐकतेय." आणि एक गोष्ट तिने जन्मात केली नाही. समोरच्याच्या आधी फोन ठेवला नाही. राँग नंबर असला तरी, बँकेचं कर्ज विकणारी मुलगी असली तरी. समोरचा ठेवीपर्यंत ही कानाला रिसीव्हर लावून बसणार. मी चिडायचे, "अगं, कोणी नाहीय तिकडे. ठेव आता." ती म्हणायची, "समोरून आवाज येत नाही म्हणजे लाईन तुटली असं नसतं गो. आपण आधी ठेवायचा नाही." वर माझ्याकडे असं बघायची की एक्सचेंजमध्ये असते तर मला मेमो मिळाला असता.

वडिलांची हकीकत तिने मला एका बैठकीत सांगितली नाही. सुटीच्या दुपारी मी तिच्याकडे जायचे, ती कुळीथ पाखडत असायची, नाहीतर कोकमाची सोलं उन्हात घालत असायची, आणि मध्येच एखादा तुकडा सांगून पुन्हा कामाला लागायची. ते तुकडे मी इथे जुळवून ठेवते. गोविंद तोडणकर मालवणकडचे. मालवाहू बोटीवर आगवाला होते, म्हणजे बोटीच्या पोटात उभं राहून भट्टीत कोळसा ओतायचं काम. कोकणातली कितीतरी माणसं तेव्हा या कामाला जायची. युद्ध सुरू झालं आणि त्याच बोटी इंग्रजांसाठी सामान वाहायला लागल्या. मावशी आईच्या पोटात असताना वडील शेवटचे घरून निघाले. मग कंपनीचं पत्र आलं की बोट समुद्रात फुटली, काही माणसं दुसऱ्या बोटींनी उचलली, गोविंद बाबू यांचा पत्ता लागत नाही. एवढंच. मेले असं कोणी म्हटलं नाही, आणि जिवंत आहेत असंही नाही.

युद्ध संपल्यावर त्याच बोटीवरचा वेंगुर्ल्याचा एक खलाशी घरी आला. त्याने सांगितलं की बोट कलली तेव्हा गोविंद होडीत चढत होता, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. होडी पुढे कुठे गेली ते त्याला माहीत नव्हतं. बिचारा चांगल्या मनाने आला होता, चहा पिऊन गेला. पण त्याच्या त्या एका वाक्यावर दोन बायकांचे जन्म गेले. मावशीच्या आईने त्या दिवशी पुसट झालेलं कुंकू पुन्हा ठसठशीत लावलं आणि मरेपर्यंत ते उतरवलं नाही.

गावात हे अवघड होतं. हळदीकुंकवाला काही घरं तिला बोलवायची, काही टाळायची. एकीने बोलावून कुंकू लावताना हात आखडता घेतला, ते मावशीने लहानपणी आईच्या शेजारी उभं राहून पाहिलं होतं. मावशीचे काका, म्हणजे गोविंदरावांचे धाकटे भाऊ, मनाने सरळ माणूस. त्यांना वाटायचं, भाऊ पाण्याशिवाय ताटकळतोय. आपल्याकडे परागंदा माणसाची बारा वर्षं वाट बघतात आणि मग पळसाच्या पानांचा माणूस करतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात, आणि त्याला अग्नी देतात. म्हणजे गेलेला माणूस रीतसर गेला, बायको रीतसर विधवा झाली आणि घरच्यांना म्हाळ घालायची वाट मोकळी झाली. बारा वर्षं भरली तसे काका भटजींना घेऊन आले. पळसाच्या पानांचा भारा त्यांनी पडवीत ठेवला.

मावशीची आई आतून आली. एरवी दिरासमोर ती बोलायची नाही. त्या दिवशी बोलली. "माझो घोव जित्तो आसा. पानांचो घोव माका नको." काकांनी समजावलं, भटजींनी समजावलं. तिने भारा उचलला आणि न्हाणीघरात नेला. "पानां जाळूचीच आसत तर हंय जाळतंय. चेडवाक आंघोळीक पाणी तरी तापात." आणि खरोखर तिने ती पानं न्हाणीच्या चुलीत घातली आणि त्या पाण्याने मावशीला न्हायला घातलं. हे सांगताना मावशी हसायची. "कडकडीत पाणी होतं गो. पाठ सोलून निघाली माझी. पण आई एवढ्या प्रेमाने कधी चोळत नव्हती."

त्यानंतर मायलेकी मुंबईला आल्या. आधी परळला मामाकडे, मग मावशीला नोकरी लागल्यावर भाड्याने, मग मुलुंडला स्वतःच्या जागेत. प्रत्येक जागा सोडताना आई शेजाऱ्यांना नवा पत्ता देऊन यायची. "कोण इचारूक इलो तर सांगा." परळचे शेजारी गेले, त्यांची मुलं गेली, ती चाळही गेली. तरी तिची खात्री होती की विचारत विचारत माणूस येऊ शकतो. आणि आला तर दार ओळखता यावं म्हणून ती पाटी.

मावशीचं लग्न ठरलं होतं एकदा. मुलगा ठाण्याचा, सरकारी नोकरीत. मुलाकडच्यांनी विचारलं, मुलीचे वडील आहेत की नाहीत? आहेत तर कन्यादानाला बसवा, नाहीत तर तसं स्पष्ट म्हणा, पत्रिकेत नावाआधी कैलासवासी छापा, आणि मुलीच्या आईने पुढेपुढे करू नये. हे सगळं त्यांनी फार अदबीने विचारलं, असं मावशी म्हणायची. आईने मावशीकडे बघितलं. आणि मावशीने सांगून टाकलं, वडील आहेत, बाहेर गेलेत. दाराशी पुढे हजारदा म्हटलेलं हे वाक्य ती पहिल्यांदा त्या दिवशी बोलली. लग्न मोडलं. "मुलगा चांगला होता गो," मावशी मला म्हणाली, "नाक जरा फताडं होतं, पण बोलायला गोड." मी विचारलं, पुन्हा कोणी आलं नाही का? ती म्हणाली, "आले की. पण सगळे तोच प्रश्न घेऊन आले."

शाळेत आम्हाला दुसऱ्या महायुद्धाचे परिणाम असा हमखास प्रश्न असायचा. नकाशे बदलले, साम्राज्यं गेली, नवी संघटना उभी राहिली, असे मुद्दे पाठ करून मी पैकीच्या पैकी मार्क मिळवले होते. मुलुंडमधल्या एका बाईचं लग्न मोडलं हा मुद्दा त्यात नव्हता. कुणाचं कुणाशी युद्ध, कोणत्या समुद्रात, आणि भट्टीत कोळसा ओतणाऱ्या मालवणी माणसाचं त्यात काय काम होतं, हे मला तेव्हाही कळलं नव्हतं आणि आताही कळत नाही. मला राग येतो, एवढं मात्र खरं.

आई गेली तेव्हा मी तिथे होते. इमारतीतल्या बायका जमल्या आणि कुजबूज सुरू झाली. सवाष्णीसारखं पाठवायचं की कसं? कोणी म्हणालं, एवढ्या वर्षांत नवरा थोडाच जिवंत असेल, उगाच शास्त्र बिघडवू नका. मावशी आत गेली, कपाटातून हिरवं लुगडं काढून आणलं, आईला नेसवलं, मळवट भरला, ओटी भरली. मग बायकांकडे वळून शांतपणे म्हणाली, "ज्यांना कुंकू लावायचंय त्यांनी लावा. ज्यांना नाही त्यांनी घरी जा." सासूबाई सगळ्यात आधी पुढे झाल्या. त्या दिवसापासून त्या दोघींची गट्टी जमली, ती सासूबाई जाईपर्यंत टिकली.

आईनंतर मावशी फारच एकटी पडली. आधी दोघी मिळून वाट बघायच्या, आता एकटीनेच बघायची होती. दुपारी ती टीव्ही लावायची तो आवाज बंद करून. म्हणायची, चित्रं असली की घरात कोणीतरी आहे असं वाटतं, आणि आवाज नसला की दारावरची बेल ऐकू येते. सणाला मी ताट घेऊन गेले की आधी म्हणायची, "कशाला गो एवढं?" आणि मग मला अर्धा तास सोडायची नाही. उठायला लागले की काहीतरी नवं काढायची. तिखटाचा डबा उघडत नाही, सुईत दोरा ओवून दे, रिमोट कसा चालतो ते परत दाखव. निरोप घ्यायचा झाला तरी ती आधी फोन ठेवणारी नव्हती.

मध्ये एक गंमत झाली. सोसायटीचा सुवर्णमहोत्सव होता आणि सेक्रेटरी होता नवीन आलेला नीलेश. उत्साही पोरगा. त्याने ठरवलं, सगळ्यात ज्येष्ठ रहिवाशाचा सत्कार करायचा. कुणीतरी त्याला सांगितलं की तोडणकर आजोबा शंभरी ओलांडून गेलेत. सांगणाऱ्याने थट्टा केली की खरंच त्याला तसं वाटत होतं, देव जाणे. नीलेशने खालच्या फळ्यावर सुंदर अक्षरात लिहिलं, 'ज्येष्ठतम रहिवासी श्री. गोविंद बाबू तोडणकर यांचा हृद्य सत्कार.' मी ऑफिसातून आले आणि फळा बघितला. धावत वर गेले. मावशीने फळा आधीच वाचला होता.

"मी पुसायला सांगते त्याला," मी म्हटलं.

"कशाला? नाव बरोबर लिहिलंय पोराने."

कार्यक्रमाच्या संध्याकाळी नीलेशने माईकवरून नाव पुकारलं. जुन्या रहिवाशांनी माना खाली घातल्या. मावशी ठेवणीतली इरकल नेसून आली होती. ती उठली, स्टेजवर गेली, आणि शाल-श्रीफळ दोन्ही हातांनी घेतलं. नीलेश गोंधळून म्हणाला, "आजोबा नाही आले?" मावशीने माईक स्वतःकडे ओढला. "बाहेर गेलेत. आले की देते." तिच्या ऑपरेटरच्या आवाजात ते सगळ्या पटांगणात ऐकू गेलं. नव्या भाडेकरूंनी टाळ्या वाजवल्या. आमच्यासारख्या जुन्यांनीही वाजवल्या, दुसरं काय करणार होतो?

घरी येऊन तिने शाल घडी घालून कपाटात ठेवली आणि नारळ देव्हाऱ्यात. "फोडायचा नाही हा," मला म्हणाली, "दुसऱ्याचा आहे."

त्यानंतर इमारत रिडेव्हलपमेंटला गेली. सगळ्यांनी खोकी भरली, आम्ही दोन्ही घरांनी नाहूरला एकाच इमारतीत भाड्याने जागा घेतली. आमची आनंदाची घाई होती, नवी मोठी घरं मिळणार म्हणून. मावशीने मात्र पाटी स्वतः स्क्रू काढून उतरवली आणि साडीत गुंडाळून आणली. निघताना वॉचमनकडून नवा पत्ता पाठ करून घेतला. "कोई पूछने आया तो नाहूर का बोलना." तो बिचारा मान हलवत राहिला. नाहूरच्या मालकाने दाराला भोकं पाडायची नाहीत म्हणून बजावलं, त्यामुळे पाटी कपाटावर पडून राहिली. आयुष्यात पहिल्यांदा मावशीच्या दारावर कोणाचंच नाव नव्हतं.

पुढे एकदा ती हट्टाने मला मुलुंडला घेऊन गेली. इमारतीच्या जागी मोठा खड्डा होता, भोवती निळे पत्रे. वॉचमन कधीच बदलला होता, नव्याला आम्ही कोण हेही माहीत नव्हतं. मावशी पत्र्याच्या फटीतून बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "आता कोणाला विचारणार गो ते?" एवढंच. रिक्षात माझा हात धरून बसली आणि नाहूर येईपर्यंत सोडला नाही.

त्या दिवसांत टीव्हीवर परदेशातल्या लढाईच्या बातम्या सारख्या चालू असायच्या. मुकी चित्रं, पडलेली घरं, धूर. एका दुपारी मी तिच्याकडे बसले असताना पडद्यावर एक बाई दिसली. रस्त्याच्या कडेला उभी, हातात कुणा गणवेशातल्या माणसाचा फोटो, येणाऱ्या-जाणाऱ्यापुढे धरत होती. तिच्या कोटाला धरून एक छोटी मुलगी. आवाज नव्हता, पण ती काय विचारतेय ते कळायला आवाज लागत नव्हता. मावशी पुढे सरकली. तिने त्या बाईकडे नाही, त्या मुलीकडे बघितलं.

"हिला कोणीतरी सांगायला हवं," ती म्हणाली.

"काय?"

"आईचा हात धरून उभी राहा, पण सगळा जन्म नको." मग तिने टीव्ही बंद केला. मी तिला रडताना कधी पाहिलं नव्हतं, त्या दिवशी पाहिलं. पदराने डोळे पुसून ती म्हणाली, "मला कोणी सांगितलं नाही. आणि सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं. आई एकटी पडली असती ना गो."

चार दिवसांनी तिने मला मुलुंडच्या बाजारातून पत्रावळी आणायला पाठवलं. "कागदाच्या नकोत. पळसाच्या, काड्यांनी टोचलेल्या." मला वाटलं, कोणाला जेवायला बोलावतेय. त्या मिळता मिळेनात. एका पूजासामानवाल्याकडे शेवटी मिळाल्या. मी घेऊन गेले तर मावशी जमिनीवर चादर पसरून बसली होती. एकेका पत्रावळीच्या काड्या काढून तिने पानं सुटी केली, आणि सुतळीने एकावर एक बांधत गेली. हात, पाय, पोट. मला मदत करू देत नव्हती. उंचीला माझ्या कमरेएवढा माणूस झाला.

"मावशी, करून टाकायचं का आता? भटजींना बोलावू?" मी हळूच विचारलं.

"इतक्यात नाही." ती पानं सारखी करत होती. "मी आहे तोवर ते बाहेर गेलेत. मी गेले की वाट बघायला कोणी उरत नाही. मग त्यांना कशाला ताटकळत ठेवायचं? माझ्याबरोबर पाठव. डोक्याला नारळ लागतो, तो देव्हाऱ्यात आहे. लक्षात ठेवशील?"

मी हो म्हटलं. तिने मला दोनदा म्हणायला लावलं, एक्सचेंजमध्ये नंबर परत म्हणून घ्यायची तसं.

म्हाळाचे दिवस संपून नवरात्र बसायच्या सुमाराला मावशी गेली. सकाळी मी चहा घेऊन गेले तर खुर्चीत बसलेली, फोन मांडीवर. शेवटी कोणाचा फोन होता ते मी बघितलं नाही. दहिसरला तिच्या काकांचा नातू महेश राहतो, त्याला कळवलं. तो आला, लगबगीने सगळं केलं. मी कपाटाच्या वरून चादरीत बांधलेला तो पानांचा माणूस उतरवला. पानं पार वाळली होती, हात लावला की वाजत होती. देव्हाऱ्यातला नारळ आतून सुकून खुळखुळत होता. तो डोक्याच्या जागी बांधला. मग कपाट उघडून शाल काढली, घडी मोडली आणि त्याच्या खांद्यावर घातली. आले की देते, असं ती सगळ्यांसमोर म्हणाली होती.

महेश बघत उभा होता. मला वाटलं, विचारेल, अडवेल. तो म्हणाला, "आजोबा जाताना बाबांना सांगून गेले होते, माझा भाऊ राहिलाय म्हणून. बाबांनाही नाही जमलं." आणि त्याने वाकून नमस्कार केला.

स्मशानात लाकडं रचणारा माणूस आमच्या हातातल्या त्या गाठोड्याकडे बघून थबकला. "ताई, हे काय सोबत?"

"तिचे वडील," मी म्हटलं. "बाहेर गेले होते."

त्याने एकदा शालीकडे पाहिलं, एकदा मावशीकडे. रचलेली लाकडं त्याने थोडी मोडली आणि पुन्हा रचली, दोघांना पुरतील एवढी रुंद.